ओवाळणीतली लाल चकती

भूपालनं गॅरेजच्या दारात चपला काढल्या, तेव्हाच मला कळलं.

माझ्या गॅरेजात कोणी चपला काढत नाही. खाली ऑइल असतं, लोखंडाचा कीस असतो. त्या दिवशी मी एका ट्रकचा टर्बो बसवून इंजिन चालू केलं होतं आणि वाकून आवाज ऐकत होतो. भूपाल म्हणजे माझा मेहुणा, पद्मलचा धाकटा भाऊ. तो तसाच अनवाणी तेलातनं चालत माझ्याजवळ आला.

"दाजी, इंजिन बंद करा."

"थांब जरा, गरम होऊ दे."

"बंद करा दाजी."

पद्मल मिरजेला दवाखान्यात होती. पित्ताचे खडे काढले होते. ऑपरेशन नीट झालं होतं, दोन दिवसांत घरी सोडणार होते. सकाळी तिनंच मला तिथून हाकललं होतं. "इथं बसून काय करणार? माझं बोनेट डॉक्टरांनी बंद केलंय. जावा, त्या ट्रकवाल्याचं काम करा. शिव्या घालत असेल तो." दुपारी तिच्या छातीत रक्ताची गाठ जाऊन अडकली आणि ती गेली. असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. कोणाची चूक नव्हती.

मी चावी फिरवली. इंजिन थांबलं तरी टर्बो लगेच थांबत नाही, थोडा वेळ आपल्या आपण फिरत राहतो. त्याची बारीक शीळ ऐकू येते. ती शीळ थांबेपर्यंत मी चावीवरचा हात काढला नाही.

मग भूपाल म्हणाला, "अक्काला वर न्यायचं राहिलं."

वर म्हणजे विमानात. आमच्याकडं विमान होतं. म्हणजे अजून आहे.

भूपाल एअरफोर्समध्ये इंजिनांच्या कामावर होता. सुट्ट्या साठवून फ्लाइंग क्लबात विमान चालवायलाही शिकला होता. नोकरी संपवून गावी आला तेव्हा वाटण्या झाल्या आणि त्याच्या वाट्याला माळ आला. सपाट, मुरमाड, कुसळंसुद्धा धड येत नव्हती. गाव हसलं. भूपालला दगड मिळाले म्हणाले. हा म्हणाला, "दगड नव्हे, धावपट्टी मिळाली."

आणि त्यानं खरंच पत्र्याची शेड मारून विमान बांधायला घेतलं. नळ्यांचा सांगाडा, वर कापड, शेजारी शेजारी दोन माणसं बसतील एवढी जागा. विमानाचं खरं इंजिन आमच्या ऐपतीतलं नव्हतं. अपघातात चेपलेल्या एका मोटारीचं इंजिन मी मिळवून दिलं. पण ते विमानाला अंगानं जड आणि ताकदीनं कमी पडत होतं. माझा धंदा टर्बोचा. मी म्हटलं, टर्बो लावू.

टर्बो म्हणजे फार काही नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चाक फिरतं आणि ते चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. पण हवा किती कोंबायची याला मर्यादा पाहिजे, नाहीतर इंजिन आतनं फुटतं. म्हणून धुराच्या वाटेवर एक छोटं दार असतं. ते दार स्प्रिंगनं मिटलेलं असतं. हवेचा दाब वाढला की एका बारीक नळीतनं तो दाब एका डबीत जातो, डबी दांडी ढकलते, दार उघडतं आणि धूर चाकाला बगल देऊन निघून जातो. चाक आवरतं. एवढीच गंमत आहे.

भूपालनं त्या बारीक नळीला मध्येच एक फाटा काढला आणि तो बसायच्या जागेसमोरच्या, काटे लावलेल्या पाटीवर आणला. तिथं लेथवर कातलेली एक पितळी चकती बसवली आणि तिला लाल रंग दिला. चकती सैल केली की नळीतली थोडी हवा बाहेर गळायची. डबीला वाटायचं दाब कमीच आहे. दार मिटलेलं राहायचं आणि इंजिनात हवा भरत राहायची.

"हे डबीशी खोटं बोलणं झालं," मी म्हटलं.

"दाजी, वर हवा पातळ असती. तिथं ताकद लागली तर काय करायचं? तुम्ही ट्रकवाले. तुमचा ट्रक कधी ढगात गेलाय?"

"ट्रक घाटात जातो. दमला की ड्रायव्हर बाजूला लावून चहा पितो. तू कुठं लावणार?"

पद्मल तिथंच डबा सोडत होती. ती म्हणाली, "आधी जेवा दोघं. मग ढगात जावा नाहीतर घाटात जावा."

आमच्या जैनांत सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्यामुळं माळावरचं आमचं काम पद्मलच्या डब्यावर चालायचं. ती स्कूटरवरनं माझ्या मागं बसून यायची, नाहीतर शेजारच्या कोणाच्या बैलगाडीतनं. शेडच्या सावलीत बसून शेंगा फोडायची आणि आमची भांडणं ऐकायची. मध्ये बोलायची नाही. बोलली तर एकच वाक्य.

पावसाळ्यात उघडीप मिळाली तेव्हा आम्ही विमान दगडांनी भरलेल्या ट्रॉलीला साखळीनं बांधलं आणि इंजिन पूर्ण ताकदीनं चालवून बघितलं. भूपाल आत बसला होता, मी बाहेर उभा राहून कान देत होतो. बराच वेळ इंजिन छान चाललं. ट्रॉलीसुद्धा थोडी सरकली. आणि मग डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायला लागला. मी दोन्ही हात हलवले. भूपालनं बोटानं 'थोडं थांबा' अशी खूण केली. त्याचा दुसरा हात चकतीवर होता. मी ओरडलो, पण मागच्या पंख्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? शेवटी पद्मल उठली, त्याच्या समोर काचेपुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं इंजिन बंद केलं.

उघडलं तर एका पिस्टनचा वरचा काठ तुटला होता. उंदरानं भाकरी कुरतडावी तसा.

"पेट्रोल हलकं निघालं," भूपाल म्हणाला.

"पेट्रोल नाही. मोटारीत हे इंजिन पुढच्या गाडीला मागं टाकण्यापुरता जोर लावतं आणि मग दम खातं. तू त्याला दम खाऊ देत नाहीस. वर चकती फिरवतोस."

"विमानाला दम खायचा नसतोय दाजी."

"तेच म्हणतोय मी."

नवा पिस्टन बसवला. मी हवेच्या पाइपावर कुकरच्या शिट्टीसारखा एक झडपेचा तुकडा बसवला. दाब फार वाढला तर तो उडून हवा बाहेर सोडेल असा. भूपाल खूश झाला. म्हणाला, आता चकती असली तरी चालेल. मी म्हटलं, हा कठडा आहे, पडू नये म्हणून. कठड्यावर कोणी रोज बसत नाही. नळी सरळ डबीला जोड, चकती काढून टाक. तो ऐकेना. त्याला घाटमाथा ओलांडायचा होता. पलीकडं जाऊन वरनं समुद्र बघायचा आणि परत फिरायचं. ते त्याच्या मनात नोकरीपासून होतं. आणि घाटमाथ्यावर इंजिन थांबलं तर उतरायला कड्यांशिवाय काही नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दसऱ्यानंतर परवानगीचे कागद आले. तो एकटाच उडाला. माळावर खालच्या खाली घिरट्या मारल्या, चकतीला हात न लावता. सगळं गाव बघायला आलं. जे हसले होते तेच पेढे मागत होते. मग त्यानं ठरवलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घाटाकडं जायचं, उंच जायचं.

"शेजारी बसणार का दाजी?" त्यानं मला शेडमध्ये विचारलं.

मी हो म्हटलं. माझा हिशोब सरळ होता. इंजिन मी बांधलंय. त्याला एकट्याला वर पाठवून खाली उभा राहणं मला जमणार नव्हतं. आणि मी शेजारी असलो तर त्याचा हात चकतीवर जाताना दहा वेळा विचार करेल.

पद्मलला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. वर गारठा असतो म्हणून पेटीतनं माझा जुना निळा स्वेटर काढून शेडमध्ये नेऊन ठेवला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिनं विचारलं, "अहो, स्वेटर कुठाय तुमचा?"

"इंजिनावर झाकायला नेला."

"बरं," ती म्हणाली आणि करंज्या तळायला गेली.

भाऊबीजेला भूपाल आमच्या घरी आला. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. तो पाटावर बसला, डोक्यावर टोपी घातली. पद्मलनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं पिशवीतनं साडी काढून ताटात ठेवली. तिनं ती उचलून बाजूला ठेवली.

"ही नको."

"का? रंग आवडला नाही? तुझ्या भावजयीनं घेतलीय, मला बोलू नको."

"रंग चांगलाय. ही नको. दुसरी ओवाळणी पाहिजे."

"बोल की. विमान पाहिजे?"

"विमान तुझं तुला राहू दे. त्यातली ती लाल चकती दे."

भूपाल हसला. मीही हसलो. ती हसली नाही.

"अक्का, ती काय दागिना हाय? पितळ हाय ते."

"माझ्या ताटात काय पाहिजे ते मी सांगणार. आजपर्यंत काही मागितलं नाही तुझ्याकडं."

"उद्या देतो. उद्या संध्याकाळी, परत आल्यावर."

"भाऊबीज आज आहे."

"अगं, ती माळावर हाय. विमानात हाय."

"मग आणायला पाठव कोणाला तरी. ओवाळणी पडल्याशिवाय पाटावरनं उठायचं नाही. आई काय सांगायची आठवतंय ना? उठलास तर बहिणीचं ओवाळणं अर्धं राहतं."

भूपालनं माझ्याकडं बघितलं. "दाजी, हे तुम्ही शिकवलंय."

"देवाशपथ नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. मलाही ते नवीनच होतं.

पद्मलनं ताट खाली चौरंगावर ठेवलं, निरांजनात तूप घातलं आणि समोर बसली. ती बसली की ती उठत नाही, हे आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं.

"जावा दाजी," भूपाल शेवटी म्हणाला. "काढून आणा. पाय दुखायला लागले माझे."

मी स्कूटर काढली. माळावर गेलो, शेड उघडली. चकती काढायला वेळ लागला नाही. मागचा फाटा काढला, नळी सरळ डबीला जोडली, दोन्ही टोकांना पट्टे आवळले, ओढून बघितली. आता डबीशी कोणी खोटं बोलणार नव्हतं. स्प्रिंग जेवढं म्हणेल तेवढीच हवा. पाटीवर चकती होती तिथं एक गोल भोक राहिलं. ते बुजवायला हाताशी काही नव्हतं. नंतर बघू म्हटलं. स्वेटर सीटवरच होता.

परत येताना मला बरं वाटत होतं. पावसाळ्यापासून मी जे सांगत होतो ते बायकोनं भावाकडनं करून घेतलं होतं. भावाचा जीव, बहिणीची माया. असंच मी समजलो.

घरी आलो तर भूपाल अजून पाटावर होता. निरांजन तेवत होतं. पद्मलचे डोळे लाल होते आणि भूपालचेही. बहीणभाऊ काहीतरी जुनं बोलले असतील, आई-वडिलांचं, असं मला वाटलं. मी चकती भूपालच्या हातात दिली. त्यानं ती ताटात ठेवली. पितळेचा आवाज झाला. पद्मलनं त्याच्यावरनं पुन्हा ओवाळलं आणि म्हणाली, "ऊठ आता. पानं वाढते."

"उठता येत नाही," तो म्हणाला. "पायाला मुंग्या आल्यात." मग ती हसली आणि आम्ही दोघांनी त्याला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, भूपालला माळावर सोडून येतो. ती म्हणाली, "मी नंतर डबा घेऊन येते. त्या आवाजानं डोकं दुखतं माझं."

मी स्वेटर घातला आणि शेजारी बसलो. विमान उठलं. खाली उसाचे फड चौकोनी चौकोनी दिसत होते, नदी वळसे घेत होती. बाहुबलीचा डोंगर केवढासा दिसला. भूपाल गात होता, पण ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड हलत होतं. मी काट्यांकडं बघत होतो. दाबाचा काटा स्प्रिंगनं ठरवलेल्या जागी उभा होता. हलत नव्हता.

मग समोर घाटाची निळी रांग आली. आम्ही वर जात होतो, पण सावकाश, आणि मग त्याहून सावकाश. रांगेच्या माथ्यापेक्षा आम्ही जेमतेम उंच होतो. भूपालनं पुढं बघितलं आणि त्याचा उजवा हात आपोआप पाटीकडं गेला. चकती जिथं होती तिथं. हात तिथं पोचला आणि बोट भोकात गेलं.

तो भोकात बोट घालून तसाच बसला. मग माझ्याकडं वळून कानाजवळ ओरडला, "दाजी, अक्का बसलीय इथं!"

मी हसलो. त्यानं आणखी एकदा त्या निळ्या रांगेकडं बघितलं आणि विमान वळवलं.

उतरलो तेव्हा पद्मल ट्रॉलीजवळ डबा घेऊन उभी होती. मी दारातनं खाली उतरलो, अंगात स्वेटर. पकडला गेलो होतो. ती जवळ आली, स्वेटरला हात लावला आणि म्हणाली, "किती घामेजलाय. काढा तो. भाकरी गार होतीय." पुढं त्यावर ती कधी बोलली नाही. मला वाटलं, तिला तेव्हा कळलं आणि तिनं सोडून दिलं.

विमान पुढं बरीच वर्षं उडालं. खालच्या खाली, बाहुबलीपर्यंत, नदीवरनं. इंजिन उघडलं की पिस्टन स्वच्छ निघायचे. भूपालनं गावातल्या कितीतरी लोकांना वर नेलं. पद्मल मात्र बसली नाही.

"आधी ते भोक बुजवा," ती मला म्हणायची. "ते उघडं दिसलं की त्याचा हात तिकडं जातो. बुजवा, मग मी बसते."

मी म्हणायचो, उद्या. एकदा पितळेची पट्टी गोल कापूनही ठेवली. काम येत राहिलं. ती दर भाऊबीजेला ती लाल चकती ताटात ठेवायची, कुंकवाशेजारी, आणि भूपालला म्हणायची, "ओवाळणी आधीच पडलीय, तू नुसता बस." आणि मग माझ्याकडं वळून, "भोक?" मी म्हणायचो, "बुजवतो गं." भूपाल म्हणायचा, "अक्का, दाजींचं उद्या म्हणजे मारुतीचं शेपूट." मग त्याचं वय झालं, डोळे अधू झाले, परवानगीची मुदत संपली. विमान शेडमध्ये ठेवलं, वर ताडपत्री घातली.

पद्मलचे दिवस झाल्यावर भूपाल घरी आला. आम्ही दोघंच होतो. त्यानं विचारलं, "चकती कुठाय दाजी?"

मी देवघरातला तिचा डबा काढला. निरांजन, वाती, कुंकवाचा करंडा आणि चकती. तिच्या बोटांनी लाल रंग काठानं निघून गेला होता, पितळ दिसत होतं. भूपालनं ती हातात घेतली.

"त्या दिवशी तुम्ही माळावर गेलात ना, तेव्हा अक्का काय म्हणाली माहिती आहे?"

"काय?"

"मी तिला म्हटलं, माझ्या जिवाची एवढी काळजी कशाला करतीस, मी जबाबदार माणूस हाय. तर म्हणाली, तुझ्यासाठी नाही मागत. तू कोणाचंच ऐकणार नाहीस, तू जाशील. आपल्या आईसारखाच हट्टी आहेस तू. पण शेजारी कोण बसणार ते मला माहितीय. पेटीतनं स्वेटर गेलाय. दिवाळीत कोणाला गारठा लागतो रे, वर जाणाऱ्यालाच लागतो. ते मला सांगणार नाहीत आणि तुला नाही म्हणणार नाहीत. मी अडवलं तर आयुष्यभर त्यांना वाटेल, मेहुण्याला एकटं सोडलं. म्हणून त्यांना अडवत नाही. तू चकती दे. त्यांना माझ्याकडं परत आणून सोड."

मी डब्याचं झाकण उचलून मांडीवर घेतलं.

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडनं वचन घेतलं तिनं, त्या निरांजनावर हात ठेवून. म्हणाली, त्यांना वाटू दे भावासाठी मागितलं. आता सांगितलं तर चालतंय, असं धरतो मी."

त्यानं चकती परत डब्यात ठेवली. आम्ही चहा केला. साखर कुठं ठेवते ते मला सापडेना, त्यालाच सापडली.

त्यानंतर मी एकदा माळावर गेलो. ताडपत्री वर केली, आत बसलो. स्वेटर अजून सीटच्या मागं होता, त्याला उंदीर लागले होते. गोल कापलेली पितळेची पट्टी खिशात घालून नेली होती, चार स्क्रूही नेले होते. पाटीवर लावून बघितली. माप बरोबर होतं.

तशीच परत खिशात घातली आणि घरी आलो. भोक बुजवायचं राहिलं आहे.